व्हाया सासुरवाडी

बदलापूर पश्चिमेच्या ‘गुरुप्रसाद’ सोसायटीत राजाभाऊ शेवाळ्यांइतक्या सुरुवाती दुसऱ्या कोणी केल्या नसतील. पेटीचा क्लास त्यांनी सुरू केला, तो ‘सा रे ग म’मधल्या ‘म’पाशी थांबला. जिमची वर्षाची फी भरली आणि पहिल्याच आठवड्यात ‘तिथली हवा मानवत नाही’ असा शोध लावला. लग्न तेवढं पूर्ण केलं, पण त्याचंही श्रेय शीलावहिनी भटजींना देतात. मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस ‘अजून किती आहेत?’ म्हणून मामाला विचारत होता, हे त्या अजूनही येईल त्याला सांगतात.

या सगळ्यावर कळस म्हणजे सोसायटीचं गेट. राजाभाऊ अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात. त्यामुळे ‘रंग माझा, हातही माझा’ अशी गर्जना त्यांनी सोसायटीच्या सभेत केली होती. टाळ्याही मिळाल्या. डावं दार झकास निळं झालं. उजव्याची पाळी आली त्या रविवारी पाहुणे टपकले, पुढच्या रविवारी कंबर धरली, आणि मग ब्रशच वाळून लाकूड झाला. तेव्हापासून गेट एका अंगाने निळं आणि दुसऱ्या अंगाने गंजकं आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला मात्र फार सोयीचं पडतं. ‘ते अर्धं रंगवलेलं गेट आहे ना, तिथं सोडा’ म्हटलं की नवखा माणूसही बरोबर दारात येतो.

तर अशा माणसाने सहकुटुंब चालायच्या भानगडीत पडू नये. पण पडले.

झालं असं, की बदलापूर-अंबरनाथच्या काही सोसायट्यांनी मिळून रुग्णसाहित्य केंद्र काढायचं ठरवलं. वॉकर, चाकाची खुर्ची, हँडल फिरवला की पाठ वर होणारा पलंग, अशा वस्तू ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याला वापरायला द्यायच्या, काम झालं की परत घ्यायच्या. वस्तू देणार होते उल्हासनगरचे व्यापारी. त्यांची अट एकच. नुसत्या वर्गणीची भीक नको, लोकांनी त्यासाठी अंग हलवलं पाहिजे. म्हणून ‘कुटुंब चाल’ निघाली: बदलापूर ते अंबरनाथ, सहकुटुंब, पायी. जे कुटुंब पोहोचेल त्याच्या नावाची एक वस्तू केंद्राला मिळणार.

बारीक नियम केले ते सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव सकपाळ यांनी. हे गृहस्थ एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण शिट्टी गळ्यातच राहिली. त्यांनी जाहीर केलं, ‘कुटुंब अख्खं पाहिजे, पायी पाहिजे आणि सकाळी नऊच्या आत पाहिजे. नऊला गाडी सुटली.’ मग एका डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. कुणाला वॉकर आला, कुणाला कुबड्या. राजाभाऊंनी हात घातला आणि निघाला पलंग.

सगळ्या सभेने एकदम त्यांच्याकडे पाहिलं. कारण पलंग कुणासाठी हवा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावर पहिल्याच घरात वेणूबाई राहतात. सोसायटीत कॅमेरे बसायच्या आधी वेणूबाई होत्या. त्या खिडकीत बसल्या की कोण कधी आलं, कुणी कोणती भाजी आणली, कुणाचा मुलगा कुठे थुंकला, सगळी नोंद. दिवाळीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून म्हातारी उताणी. खिडकी हातभर अंतरावर. पण आडवं पडून खिडकीतून दिसतं काय? समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. नाहीतर डोक्यावरचा पंखा. बोलणंही कमी झालं होतं त्यांचं. पाठ उंच करणारा पलंग आला तर बसता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सभेतून घरी येताना तेजल, म्हणजे राजाभाऊंची कॉलेजात जाणारी लेक, म्हणाली, “पप्पा, ती चिठ्ठी दुसऱ्या कोणाला तरी द्या ना.”

“का?”

“कारण वेणूआजीला पलंग खरंच हवाय.”

राजाभाऊ दोन जिने चढले. मग एकदम खाली उतरले, तडक वेणूबाईंच्या घरात गेले आणि म्हणाले, “काकू, पलंग आला समजा.”

वेणूबाईंनी पंख्यावरची नजर काढली नाही. “तू म्हणालास की मी समजतच असते रे राजा,” त्या म्हणाल्या. “गेटच्या वेळीही समजलेच होते.”

त्या दिवशी राजाभाऊंनी रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडलं. शीलावहिनी म्हणाल्या, “बघा, हेही अर्धंच.”

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. चालणं ही गोष्ट आपण वयाच्या पहिल्या वर्षापासून करत आलो, तिच्याबद्दल इतकं अज्ञान आपल्या अंगी असेल याची राजाभाऊंना कल्पना नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, टाच आधी टेकायची. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, टाच आधी टेकली की गुडघे गेलेच समजा, आधी चवडा. राजाभाऊ दोन दिवस टाच आणि चवडा एकदम टेकायचा सराव करत होते. तेव्हा वॉचमनने ‘साहब, काटा गया क्या?’ म्हणून विचारलं. कुणी मेथीचं पाणी सांगितलं, कुणी तळव्यांना काशाची वाटी. आण्णा, म्हणजे राजाभाऊंचे वडील, साताऱ्याकडचे. त्यांनी मात्र हे सगळं ऐकून फक्त पान थुंकलं. “अरं, बैल सुद्धा शिकवल्याबिगर चालतोय,” ते म्हणाले.

मग परवानगी. मार्ग ठरवायचं आणि परवानगी आणायचं काम राजाभाऊंनी आपणहून अंगावर घेतलं. आपल्यावर पुरुषार्थाचा आरोप व्हावा अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “हे काय आहे? मोर्चा की मिरवणूक?”

“चालणं आहे साहेब. नुसतं चालणं.”

“नुसतं चालायला परवानगी लागत नाही. रोज चालता तसे चाला.”

“पण आम्ही बरेच जण आहोत.”

“मग मोर्चा. मागणी काय?”

“मागणी काही नाही.”

“मग मिरवणूक. देव कोणता?”

राजाभाऊंनी खूप विचार केला, पण वॉकर आणि कुबड्या यांचा देव काही त्यांना आठवेना. शेवटी ‘गणपती (तसबीर)’ असं लिहून दिलं, तेव्हा शिक्का पडला. सोबत एक शेरा आला: हायवेवरून जाता येणार नाही, आतल्या रस्त्याने जावे.

इथेच राजाभाऊंनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. समितीच्या बैठकीत छाती फुगवून म्हणाले, “आतला रस्ता? अहो, व्हाया बेलवली काढू. तिथली गल्ली न् गल्ली मला पाठ आहे. सासुरवाडी आहे माझी!”

घरी आल्यावर शीलावहिनींनी शांतपणे विचारलं, “बेलवलीतून? आमच्या आळीतून? ह्या महिन्यात?”

“ह्या महिन्यात काय रस्ता बंद असतो?”

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि कणीक मळायला घेतली. “माझी आई पंधरा दिवस फोन करतेय, जावयांना कधी आणतेस. तुमचं आपलं येतो-येतो,” एवढंच म्हणाल्या. राजाभाऊंचं लक्ष नव्हतं. ते बुटांचा विचार करत होते.

बूट घ्यायला ते उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये गेले. शंकरशेठच्या दुकानात काचेमागे एक जोड होता. पांढराशुभ्र, खाली नारिंगी तळ, बाजूला अशी काही रेघ मारलेली की बूट उभ्या जागी पळताहेत असं वाटावं. शंकरशेठने विचारलं, “साईं, पहनके जाना किधर है?” राजाभाऊंनी कुटुंब चाल, केंद्र, पलंग, सगळं सांगितलं. शंकरशेठ उठून उभा राहिला.

“अरे, वो पलंग तो मैंच दे रहा हूँ! फिर तो ये जूता बिलकुल मत लो. ये दिखाने का माल है. शादी में पहनो, फोटो निकालो. पानी लगा, धूप लगी, खतम. चलने का है तो वो काला वाला लो.”

दुकानदार ‘घेऊ नका’ म्हणतो म्हणजे दुसरं काहीतरी गळ्यात मारायचा बेत असणार, हे राजाभाऊंना लहानपणापासून माहीत होतं. ते मंद हसले. आपण काही काल गाव सोडून आलेलो नाही, असं त्या हसण्यात होतं. आणि पांढरे बूट बांधून घेऊन आले.

मे महिन्याचा शेवटचा रविवार. पहाटे सगळे पिवळे टी-शर्ट घालून गेटपाशी जमले. आण्णांनी टी-शर्ट सदऱ्यावरून घातला होता, कारण सदरा काढून चारचौघांत कोण हिंडतं. भगवानरावांनी शिट्टी मारली आणि आपण स्कूटरवरून शेवटच्या टोकाला, अंबरनाथला मैदानावर, घड्याळ घेऊन जाऊन बसले. निघताना राजाभाऊंनी वेणूबाईंच्या खिडकीकडे पाहून हात हलवला. तिकडून काही हात हलला नाही. दिसायला नको का?

सुरुवात, सांगायला नकोच, झोकात झाली. सुरुवातीत राजाभाऊंचा हात धरणारा कोणी नाही. तळ नारिंगी, पाठ ताठ, टाच आणि चवडा एकदम. इतर कुटुंबांना मागे टाकत शेवाळे मंडळी बेलवलीच्या आळीत शिरली तेव्हा पहिल्या नंबरावर होती. तेजल सुद्धा म्हणाली, “पप्पा, भारी चाललोय आपण!” लेकीच्या तोंडून असं वाक्य राजाभाऊंनी फार दिवसांनी ऐकलं होतं. त्यांनी वेग वाढवला.

समोर इंदुबाई अंगण झाडत होत्या. इंदुबाई म्हणजे शीलावहिनींची मोठी काकू. आळीच्या अर्ध्या शेतात आता टॉवर उभे आहेत, पण जुनी घरं, ओटे आणि इंदुबाईंचा आवाज तसाच आहे. त्यांनी केरसुणी टाकली.

“आयलं गो, जावय आयलं! द्रौपदे, बाहेर ये, तुजा जावय धोंड्याला आयला!”

आणि मग राजाभाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालनिर्णय. अधिक महिना. धोंड्याचा महिना! तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयाला देवासारखं पाटावर बसवायचा, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा, वाण द्यायचा महिना. पंधरा दिवस सासू बोलावतेय आणि हे बहाद्दर नवे बूट घालून, बायको-पोर आणि बापासकट, आपल्या पायांनी सासुरवाडीच्या दारात, आणि तेही न थांबता निघून जायच्या बेतात!

“काकू, आम्ही नंतर… आता जरा घाईत… चालायचंय,” राजाभाऊ जागच्या जागी पाय हलवत म्हणाले.

“चालाचं मंग. धोंड्याच्या महिन्यान जावय दारावरशी तसाच गेला तं लोक काय म्हनतील? बस आदी.”

बसवलं. पाटावर बसवलं. बूट काढायला लावले, पितळेच्या परातीत पाय धुतले, आणि ते पाणी अंगणात ओतलं ते नेमकं बुटांवर. कुंकू, अक्षता, ओवाळणं, नारळ. ताटात तुपाने न्हालेले दोन धोंडे. राजाभाऊ घास गिळत तेजलकडे पाहत होते आणि तेजल मोबाइलवरच्या घड्याळाकडे. बाहेरून एकेक कुटुंब पुढे जात होतं. दुसऱ्या मजल्यावरचे टाच आधी टेकत गेले, तिसऱ्या मजल्यावरचे चवडा आधी टेकत गेले, आणि दोघांनीही आत डोकावून ‘वा, मजा आहे!’ म्हटलं.

एका घरी खाल्लं आणि शेजारच्या घरी नाही, असं आळीत चालत नाही. तो अपमान पुढे दोन पिढ्या निस्तरावा लागतो. इंदुबाईंकडून सुटले ते चुलत सासऱ्यांकडे अडकले. तिथे पुन्हा पाय धुतले. मघाशीच धुतलेत म्हटलं, तर ‘ते तिच्या घरचं पानी’ असं उत्तर मिळालं. तिथे टॉवेल-टोपी आणि तांब्याचं ताम्हण. तिसऱ्या घरी अनारशांचा डबा, मोजून तेहतीस. नको म्हणायला तोंड उघडावं तर त्यात धोंडा जायचा. आणि आण्णांचं तर काय विचारता. जावयाच्या वरचा मान व्याह्याचा. ‘नको नको’ म्हणत आण्णांनी प्रत्येक घरी तुपाची वाटी वेगळी मागून घेतली.

अखेर खुद्द सासूबाईंचं, द्रौपदीबाईंचं घर आलं. त्या दारात तोंड फिरवून उभ्या होत्या. पंधरा दिवस वाट पाहिलेली बाई, तिच्या आधी तीन घरी जावई जेवून आलेला. राजाभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, चुकलं,” ते म्हणाले. “मुद्दाम आलो नाही हो मी. रस्ता म्हणून आलो.”

“रस्ता म्हनून का व्हयना, आयलाव ना,” द्रौपदीबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग दहा हत्तींचं बळ आल्यासारखं वाढायला घेतलं. राजाभाऊंनी यावेळी मनापासून खाल्लं. नाही म्हणायचं धैर्यही नव्हतं आणि जागाही नव्हती.

जेवण उरकून बाहेर आले तर आण्णा ओट्यावरच्या बाजेवर आडवे होऊन घोरत होते, आणि पांढरे बूट उन्हात वाळत होते. पायात घालून राजाभाऊंनी पहिलं पाऊल टाकलं. पाऊल पुढे आलं, नारिंगी तळ मागेच राहिला. दुसऱ्या बुटाने इमान राखलं. तो पाच पावलं चालला. पाणी लागलं, धूप लागली, खतम. शंकरशेठचं बोलणं राजाभाऊंना शब्द न् शब्द आठवलं.

तेजल पायरीवर बसली. “राहू दे पप्पा,” ती म्हणाली. चिडली असती तर राजाभाऊंना बरं वाटलं असतं. पण ती अगदी समजुतीने म्हणाली, आजवर कितीतरी वेळा म्हटलं असावं तसं. “रिक्षाने जाऊ घरी. आठ वाजून गेलेत.”

राजाभाऊंनी लेकीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे पंखा आला. पंखा, आणि त्याच्याखाली पडून ‘समजलेच होते’ म्हणणारी म्हातारी. पोटात तीन-चार घरांचे धोंडे, पायात काही नाही, बाप घोरतोय. पण त्या क्षणी या माणसाला स्वतःचा असा काही संताप आला की त्याने आण्णांना गदागदा हलवलं. “आण्णा, उठा! बैल सुद्धा चालतोय म्हणालात ना? चला!”

आणि अनवाणी निघाले.

आता जावई निघाला म्हणजे त्याला वेशीपर्यंत पोचवायला जायचं, ही रीत. शिवाय जावयाला स्वतःचं वाण स्वतः उचलायला लावणं म्हणजे नामुष्की. तेव्हा द्रौपदीबाईंनी ताम्हण घेतलं, इंदुबाईंनी अनारशांचा डबा, चुलत सासऱ्यांनी नारळांची पिशवी, आणि आळीतली निम्मी मंडळी मागून निघाली. अडचण एवढीच, की वेस कुठे आहे हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. पिंपळ होता तिथे वेस, असं चुलत सासरे म्हणाले. पण पिंपळ तोडून तिथे कार वॉशिंग झालेलं. इंदुबाई म्हणाल्या, वेस त्याच्याही पुढं होती, नाल्यापलीकडं. नाला आला तर तो म्हणे बुजवून पुढे सरकवलाय. भांडत भांडत सगळे चालत राहिले. ‘वेस आली’ म्हणून परत फिरायचं म्हणजे आपण हरलो, म्हणून कोणीच परत फिरेना. पुढे राजाभाऊ, कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, तळपायाखाली तापलेलं डांबर. उड्या मारत, सावलीतून सावलीत. एका हवालदाराने अडवून विचारलं, “मिरवणूक का?” राजाभाऊ म्हणाले, “हो.” त्याने विचारलं, “देव कुठाय?” इंदुबाईंनी राजाभाऊंकडे बोट केलं.

मैदानावर पोहोचले तेव्हा मांडवाचे बांबू उतरवत होते. भगवानरावांनी हातातलं घड्याळ वर केलं.

“साडेनऊ. गाडी गेली, शेवाळे.”

एरवी राजाभाऊंनी कारणं सांगितली असती. या वेळी तर एकाहून एक सरस कारणं अंगाखांद्यावर लटकत होती. पण त्यांनी एकही सांगितलं नाही. तळपाय हुळहुळत होते म्हणून ते एका पायावर उभे राहून म्हणाले, “भगवानराव, माझं नाव काय हवं ते करा. गेटवर ‘हा माणूस नालायक आहे’ म्हणून पाटी लावा. पण पलंग घालवू नका. म्हातारी पंखा बघून बघून…” तेजल बाजूला उभी होती. तिने बापाचा हात धरला.

“नियम म्हणजे नियम,” भगवानराव म्हणाले, पण शिट्टीशी चाळा करत म्हणाले.

तेव्हा द्रौपदीबाई पुढे झाल्या. “भाऊ, तुमचं लगीन झालंय ना?”

“झालंय. त्याचा इथे काय संबंध?”

“मंग तुमी बी कुनाचं तरी जावय हाव. यंदा धोंड्याला जेवलाव का सासूकडं?”

भगवानरावांचा चेहरा एकदम पडला. एवढा कडक माणूस, पण शिट्टीच हातातून सुटली. “नाही,” ते म्हणाले. “मागच्या धोंड्याला सासू होती. आता कोण बोलावतंय.”

“अरे माज्या बाबा!” म्हणत द्रौपदीबाईंनी त्यांना दंडाला धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. इंदुबाईंनी डबा उघडला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, राजाभाऊंच्या वाणातला एक नारळ भगवानरावांच्या ओंजळीत गेला आणि अनारसा सरळ तोंडात. पाय धुवायला पाण्याची बाटली उघडली तेव्हा मात्र भगवानराव घाईघाईने ‘बूट नवे आहेत’ म्हणाले. राजाभाऊ म्हणाले, “राहू दे आई, मी सांगतो त्यांना बुटांचं.”

मागे खुर्चीवर शंकरशेठ बसला होता, देणगीदार म्हणून. त्याने राजाभाऊंचे पाय पाहिले आणि कपाळावर हात मारला. “मैंने बोला था ना साईं, फोटो निकालो!” मग भगवानरावांकडे वळून म्हणाला, “सकपाळजी, जमाई खाली हाथ जाएगा क्या? हमारे में भी नहीं चलता. और आदमी नंगे पाँव आया है, पूरा गाँव लेके आया है. इससे ज्यादा फॅमिली क्या चाहिए?”

भगवानरावांचं तोंड अनारशाने भरलेलं होतं. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बोलता येईना म्हणून जोरात शिट्टी मारली. राजाभाऊ शेवाळे सहकुटुंब, सहसासुरवाडी, सहनारळ पोहोचले अशी नोंद झाली. तेजलने बापाला एकदम मिठी मारली. तिला तुपाचा वास आला असणार, पण मिठी काही तिने सोडली नाही.

पलंग आठवड्याभरात आला. वेणूबाईंना उचलून त्यावर निजवलं, आणि हँडल फिरवायचा मान अर्थातच राजाभाऊंना. सगळी सोसायटी दारात. राजाभाऊ हँडल फिरवू लागले तशी वेणूबाईंची पाठ हळूहळू वर येऊ लागली. आधी समोरची पाण्याची टाकी गेली. मग बाल्कन्या आल्या, वाळत घातलेले कपडे आले. मग रस्ता, भाजीची गाडी, रिक्षा. वेणूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आयुष्यात एक गोष्ट आपण शेवटपर्यंत नेली, असं राजाभाऊंना वाटलं आणि त्यांनी हँडलचा शेवटचा फेरा मोठ्या समाधानाने दिला.

“थांब,” वेणूबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी खिडकीबाहेर नीट पाहिलं. “राजा, ते गेटचं उजवं दार अजून तसंच?”

दारातली सोसायटी हळूच मागे सरली.

“उद्या करतो काकू.”

“कर हो. मी बसलेय इथंच.”

आणि खरंच बसल्या. उजव्या दाराला दोन रविवार लागले. दोन्ही रविवारी पाहुणे आले, दोन्ही रविवारी कंबरही धरली. पण खिडकीतून ‘खालची पट्टी राहिली रे’, ‘तो ओघळ पूस आधी’ असा आवाज सारखा चालू, मग पाहुण्यांनाच चहा गेटपाशी द्यावा लागला. आता गेट दोन्ही अंगांनी सारखं निळं आहे. शेजारच्या चार सोसायट्यांचीही गेटं निळीच आहेत, त्यामुळे नवख्या रिक्षावाल्याला खूण सापडत नाही. मग राजाभाऊ त्याला फोनवर समजावून सांगतात, “सरळ या हो. तळमजल्याच्या खिडकीत एक आजी बसलेल्या दिसतील ना, तिथं सोडा.”